काटे काढून दिलेलं पापलेट

अकरा नंबरच्या टेबलावरून पापलेट एका घासानंतर परत आलं आणि आमचा शेफ वसंत भडकला. भडकणारच. त्यातला एकेक काटा त्याने स्वतः चिमट्याने काढला होता. किचन आणि हॉलच्या मधे जो ओटा असतो त्याला आम्ही पास म्हणतो. त्या पासवर त्याने ताट आपटलं. म्हणाला, जा आणि विचारून ये, खोट काय आहे त्यात.

मी मढला, पाण्याला लागून असलेल्या एका सी-फूड हॉटेलात फ्लोअर मॅनेजर आहे. म्हणजे हॉलमध्ये जे बिघडेल ते माझ्या डोक्यावर. आमच्याकडे रोजचं जेवायला कोणी येत नाही. अंधेरी-बोरिवलीची कुटुंबं वाढदिवस, साखरपुडा, मुलीचा पहिला पगार असं काहीतरी साजरं करायला येतात. म्हणून बुकिंग घेताना आम्ही आधी ऑकेजन विचारतो. केक सांगायचा की फुलं, ते कळतं. नितीन परब सकाळी फोनवर म्हणाला होता, ऑकेजन तसं काही नाही मॅडम. वडिलांना जिभेचा कॅन्सर आहे, परवा ऑपरेशन. अर्धी जीभ काढणार आहेत. त्याआधी त्यांना चांगले मासे खाऊ घालायचेत. पण तिखट नको, आणि काटा एकही नको. त्याने हे दोनदा बजावलं होतं.

मी पाण्याकडचं टेबल ठेवलं, म्युझिक बंद करायला लावलं, वसंतला सगळं समजावलं. याहून जास्त काय करणार होतो आम्ही?

टेबलाशी गेले तर परबकाका खुर्चीत ताठ बसलेले. वेंगुर्ल्याकडचे, गिरणी बंद पडल्यावर मरोळच्या कारखान्यात वॉचमनकी केलेले. बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं. नितीन बिचारा माझीच माफी मागायला लागला. काकांनी त्याला हाताने थांबवलं आणि मला जवळ बोलावलं.

"बाय गो, आत पेडवे शिजतत मा?"

खरं होतं ते. गिऱ्हाईकांची जेवणं आटोपली की आम्ही जेवतो, त्याला स्टाफ मील म्हणतात. गिऱ्हाईकाला पापलेट, आम्हाला पेडवे. पेडवा म्हणजे बोटभर लांबीची स्वस्त मासळी, चवीला झकास, पण काटे केसांसारखे बारीक आणि मोजता येणार नाहीत इतके. मेन्यूवर ठेवला तर रोज कोणाच्या तरी घशात अडकेल. वसंतही तिकडचाच, आमच्यासाठी तिरफळं घालून त्याचं तिखलं, म्हणजे घट्टसर तिखट कालवण करतो. तिरफळाचा तो वास काकांपर्यंत पोचला होता.

"माका ता व्हया," काका म्हणाले. पापलेटचं त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की कापूस चघळल्यासारखं वाटतं.

नितीनचा चेहरा उतरला. त्याने मला बाजूला रेलिंगपाशी नेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, तोंडात काही टोचता कामा नये. जखम झाली, रक्त आलं आणि ऑपरेशन पुढे गेलं तर? गाठ वाढतेय, एकेक दिवस महत्त्वाचा. त्याचं काही चुकत नव्हतं. आत वसंतनेही तेच सांगितलं. काही झालं तर हॉटेलचं नाव जाईल, तुझी नोकरी जाईल, तू यात पडू नकोस. मला दोघांचाही राग आला, आणि दोघंही बरोबर होते याचा जास्त आला.

मी काकांना सांगितलं, तुमच्या मुलाने हो म्हटल्याशिवाय मी आणणार नाही. त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"झिला, परवा ही अर्धी जातली. मगे पेज, नायतर नळी. आज तिका तिचा काम करूक दी."

कोकणातल्या माणसाची जीभ मासा नुसता चाखत नाही. ती काटा शोधते, वेगळा करते, ओठांपाशी आणून देते. हे काम लहानपणीच शिकलेलं असतं. ते काढून घेतलं तर मासा खाल्ल्यासारखंच वाटत नाही. शेवटी नितीन म्हणाला, "आणा मॅडम. मसाला निपटून आणा."

वसंतने स्टाफच्या टोपातले चांगले पेडवे निवडले, मसाला चमच्याने बाजूला केला, वर खोबरेल सोडलं आणि ताट स्वतः बाहेर घेऊन आला.

काका एका बाजूने, सावकाश खात होते. झोंबत असणार, मधे थांबून पाणी पीत होते. नितीन समोर मुठी आवळून बसलेला, त्याने एकही घास घेतला नाही. मी उभी होते आणि मला प्रचंड भीती वाटत होती. ताटाच्या कडेला एकेक काटा स्वच्छ होऊन येत गेला. शेवटचा पेडवा काकांनी बोटांनी सोडवला, त्यातलं मांस मुलाच्या ताटात ठेवलं. नितीनने ते खाल्लं आणि तिथेच, सगळ्यांदेखत रडला. काकांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला, मसाल्याचाच.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं.

काही महिन्यांनी नितीनचा फोन आला. या वेळी ऑकेजन होतं, काकांचा वाढदिवस. काका वाळले होते, बोलता येत नव्हतं. त्यांच्यासाठी वसंतने पेज पातळ करून ठेवली होती. पेडवे मागवले नितीनने, स्वतःसाठी. त्याला ते जमत नव्हते. काका पेज बाजूला सारून त्याच्या ताटाकडे लक्ष ठेवून होते. काटा राहिलेला दिसला की बोटाने ताटाच्या कडेवर टकटक करायचे. नितीन थांबायचा, शोधायचा, काढायचा. केक तसाच राहिला.

आता मी बुकिंग घेताना ऑकेजन विचारतेच. पण त्याआधी म्हणते, ज्यांना जेवायचंय त्यांच्याकडे जरा फोन द्या.