मुंबई दाखवणारं पुस्तक

घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या माझ्यासारख्याने छापील पुस्तकाविरुद्ध लिहावं, हा आगाऊपणाच आहे, माफ करा. पण छपाईच्या शाईचा वास आला की जळगावच्या स्टँडवर घेतलेलं ते मुंबईची माहिती देणारं पुस्तक आठवतं आणि अजून संताप होतो. वडिलांचा, म्हणजे नानांचा, एक डोळा गेला होता. दुसरा वाचवायला आम्ही निघालो होतो. पुस्तकात लिहिलं होतं, ‘डोळ्यांचे रुग्णालय स्टेशनसमोरच.’ उतरल्यावर मी टॅक्सीकडे वळलो, तर नाना म्हणाले, "समोरच लिखेल शे ना, मंग टॅक्सी कसाले?" तापलेल्या डांबराच्या वासात, त्यांचा हात धरून, मी विचारत विचारत कितीतरी चाललो. रुग्णालयात पोचलो तेव्हा नाव नोंदवायची खिडकी बंद झाली होती. "आता सोमवारी या," कारकून म्हणाला. मी पुस्तक दाखवलं, तर हसला, "हे कुठल्या गावचं?" मला रडू फुटलं. नाना मात्र म्हणाले, "लिखनारा शिकेल मानूस शे भाऊ, आपनच वाट चुकनूत." सोमवारी डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं. तेव्हापासून नाना मला आवाजावरून ओळखतात. परवा छापखान्यात काम करणाऱ्या मित्राकडून कळलं, ते पुस्तक लिहिणारे गृहस्थ मुंबईला कधी गेलेच नव्हते.