अक्काची खुर्ची

सरोजाक्का कुठल्याही कचेरीत गेली की बसण्याआधी खुर्ची ओढायची. कडेची खुर्ची टेबलासमोर, बोलणाऱ्याच्या अगदी तोंडासमोर. फरशीवर कर्रकन आवाज व्हायचा, सगळे वळून बघायचे, आणि मी, तिचा धाकटा भाऊ, संकोचून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचो. ही सवय तिला बँकेतल्या नोकरीत लागली. पेन्शन घ्यायला आलेल्या बायका मुलाच्या पाठीमागे उभ्या राहत आणि मुलगाच बोले. अक्का काउंटरच्या आतून त्या मुलाला म्हणे, "तंबी, जरा बाजूला हो. अम्मा, तुम्ही सांगा."

आम्ही मूळचे तंजावरचे. अक्काची मराठी जुनी, तमिळमध्ये मुरलेली. 'मला' न म्हणता 'मज' म्हणायची, आणि माझ्यावर रागावली की वाक्याच्या शेवटी तमिळ 'डा', म्हणजे 'रे', लावायची. लग्न केलं नाही. का, विचारलं तर म्हणे, "मज बघायला आलेली माणसं सगळी अप्पांशीच बोलली. मग अप्पांशीच करायचं होतं लग्न!"

साठी ओलांडल्यावर एकदा आंघोळ करताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली. हॉस्पिटलात सुईने तुकडा काढला. रिपोर्ट आला त्या दिवशी मी सोबत होतो. नर्स तिला रक्त तपासायला घेऊन गेली, तेवढ्यात मी डॉक्टरांच्या खोलीत शिरलो. रिपोर्ट कॅन्सरचाच होता. तिथे जे बोललो ते माझ्या बायकोलाही कधी सांगितलं नाही.

"सर, तिला कॅन्सर म्हणू नका. साधी गाठ म्हणा. आणि उपचार दोन-तीन महिने पुढे ढकलता येतील का?"

हे अक्काच्या काळजीपोटी नव्हतं. माझ्या मुलीचं, भानूचं, लग्न जमत आलं होतं. चेन्नईत आमच्यातली, तंजावरी मराठी घरं मोजकी, सगळी एकमेकांच्या नात्यातली. आत्याला छातीचा कॅन्सर म्हटल्यावर 'मुलीच्याही रक्तात असेल' अशी कुजबुज होऊन स्थळ माघारी जाणार. मला साखरपुडा आधी उरकून घ्यायचा होता.

अक्का आत आली. समोरच्या खुर्चीत मी, तिला बाजूचं स्टूल. डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले, "गाठ आहे. सावकाश ठरवू." तिने स्टूल ओढलं. तोच आवाज.

"डॉक्टर, छाती माझी आहे. मजकडे बघून सांगा. कॅन्सर आहे काय?"

डॉक्टरांनी फाईल मिटली, पुन्हा उघडली. "आहे, अम्मा."

तिने पदराचं टोक चिमटीत धरलं आणि सुरू झाली. कुठल्या प्रकारचा? पसरलाय का, ते कशावरून कळणार? सगळी छाती काढायची की गाठच? आधी ऑपरेशन की आधी औषध, आणि तसं का? "रिपोर्ट आणि तपासलेल्या तुकड्याच्या त्या काचपट्ट्या मज द्या. आणखी एका डॉक्टरांना विचारते. राग नाही ना?"

"राग कसला? विचारायलाच हवं."

"मग 'सावकाश' हा शब्द कुठून आला?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

मेट्रोच्या फलाटावर मी सगळं कबूल केलं. "आपल्या लोकांत, अक्का..." एवढंच वर म्हणालो.

"आपल्या लोकांत मी नाही काय? भानूचं लग्न मजही हवं. पण माझं अंग पुढं ढकलायला तू कोण डा?"

त्याच संध्याकाळी तिने भानूला खरं सांगितलं. भानूने मुलाकडच्यांना. स्थळ गेलं. आणि मी काय केलं? अक्काची केमो चालू असताना तिच्या घरी फिरकलो नाही. गिंडीला कारखान्यात मला काम फार आहे, असं सांगत राहिलो. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसचं काम लॅपटॉपवर घेऊन भानूच तिच्या खाटेशी बसायची. तिच्याकडून अक्काने निरोप पाठवला, "बापाला सांग, केस गेले. तोंड अजून आहे."

केस परत आल्यावर गेलो. तिने कॉफी दिली, मला आवडते तशी, कमी साखरेची. ती कॉफी मला अजून गिळवत नाही.

काही वर्षांनी आजार हाडांत परतला. गेल्या वर्षी अक्का गेली, घरीच, भानूचा हात धरून. त्याआधी शेवटचं डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ती चाकाच्या खुर्चीत होती. दारातच म्हणाली, "आज तू पुढं बस. मज दम लागतो. पण मी सांगितलंय तेच सांग."

मी समोर बसलो. डॉक्टरांनी मला विचारलं, "काय ठरवलंत सर? आणखी एक औषध देऊन बघू?"

'द्या, जे असेल ते द्या,' हे अगदी ओठांवर आलं. ते तिचं नव्हतं, माझं होतं. मी उठलो, माझी खुर्ची कडेला ओढली आणि अक्काला टेबलासमोर आणलं.

"तिलाच विचारा."

अक्का दम खात म्हणाली, "औषध पुरे. दुखणं तेवढं थांबवा. घरी जाते."

मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"केवढा आवाज केलास डा, खुर्चीचा."