गोळ्यांचं पाकीट

हळदीकुंकवाचं अत्तर मनगटावर लागलं की खरवईतली माझी लग्नानंतरची पहिली संक्रांत आठवते, आणि सासूबाईंचा राग नव्याने येतो. काळी साडी, गळ्यात हलव्याचा हार, हॉलभर सोसायटीतल्या बायका, उदबत्तीचा धूर, वर एमआयडीसीकडून येणारा उग्र वास. दम्यासाठी आणि अ‍ॅलर्जीसाठी मी रोज घेत असलेल्या गोळ्यांचं पाकीट चार दिवसांपासून कपाटातून गायब होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "मला काय माहीत?" नवरा म्हणाला होता, "रविवारी आणू." तिळगूळ देता देता श्वास अडकला, छातीत शिटी वाजायला लागली आणि मी खालीच बसले. "गोड बातमी असेल," सासूबाई बायकांकडे बघून हसल्या. मग पाणी द्यायच्या निमित्ताने माझ्या कानाशी वाकल्या. "गोळ्या मीच फेकल्या. पोर नको म्हणून रोज गिळत होतीस, कळत नाही का मला?" "आई, दम्याच्या होत्या त्या," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं, तुटक्या श्वासात म्हणाले. शेजारणीने रिक्षा बोलावली. दवाखान्यात माझ्या तोंडावर मास्क होता आणि सासूबाई डॉक्टरांना सांगत होत्या, "आजार लपवून मुलगी दिली हो आम्हाला." नवऱ्याला लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं. तो शेजारी उभा राहून दवाखान्याचा फॉर्म भरत होता. चुकलं, असं दोघंही कधी म्हणाली नाहीत. आता सासूबाईंनाही दमा आहे, आणि डॉक्टरांनी तीच गोळी दिली आहे. पाकीट मी माझ्या कपाटात कुलपात ठेवते. जेवण झालं की त्या हात पुढे करून बसतात. मी देते, पण त्यांनी तोंडाने मागितल्यावरच.