न दाबलेलं बटण

"एवढी माणसं बटण दाबत्यात, मग त्यांचे मेसेज गेले कुठं?"

आप्पांनी आमच्याच ऑफिसचा रिपोर्ट माझ्यापुढं धरला. वडगावात त्यांचे साड्यांचे माग आहेत. वेबसाइट आम्ही केलेली. साडीच्या फोटोखाली 'चौकशी' असं बटण होतं. ते दाबलं की दाबणाऱ्याचा नंबर घेऊन घरच्या फोनवर मेसेज जायचा. तो फोन सून सुनंदा सांभाळायची. रिपोर्टमध्ये चौकशा भरपूर, फोनवर क्वचित एखादी. घरच्यांनी अर्थ काढला, सुनंदा मेसेज पुसून टाकते. तिच्याकडून फोन काढून घेतला होता. ती मागच्या पडवीत मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. तिनं मान वर केली नाही.

बेळगावातल्या छोट्या ऑफिसात मी टॅग तपासते. टॅग म्हणजे वेबसाइटमध्ये बसवलेला छोटा कोड. कोणी काय केलं याची तो नोंद ठेवतो. मी तिथंच लॅपटॉप काढला आणि टेस्ट मोडमध्ये साइट उघडली. कशालाच हात लावला नाही. तरी 'चौकशी'ची नोंद पडली. पुन्हा उघडली. पुन्हा पडली. टॅग बटणावर लावायचा, तो पान उघडण्यावर लागला होता. नुसतं बघून गेलेला प्रत्येक माणूस आम्ही गिऱ्हाईक म्हणून दाखवत आलो होतो.

बाहेर येऊन ऑफिसातल्या सरांना फोन केला.

"फिक्स कर आणि ये," ते म्हणाले. "क्लायंटला एक्सप्लेन करत बसू नको."

"सर, त्यांच्या सुनेवर आळ आलाय."

"ते त्यांचं घरातलं आहे."

मी टॅग दुरुस्त केला आणि आत जाऊन सगळं सांगितलं.

"म्हंजे मेसेज कुणी पुसलं न्हाईत?" आप्पांनी विचारलं.

"तेवढे आलेच नव्हते, आप्पा."

"कुणी इचारलंच न्हाय म्हणा की."

त्यांनी फोन सुनंदापुढं ठेवला. तिनं घेतला नाही.

"आता काय करू त्याचं, मामा?" सासऱ्यांना एवढंच म्हणाली.

पुढच्या रिपोर्टमध्ये चौकशीपुढं शून्य आलं. टॅग पुन्हा बिघडला असेल, या आशेनं मी स्वतः बटण दाबून पाहिलं. नोंद बरोबर पडली. लगेच माझा मोबाइल वाजला.

"नमस्कार, कुठली साडी आवडली तुमास्नी?" आप्पांचा आवाज.

"आप्पा, मी ऑफिसातनं बोलतेय. टेस्ट करत होते."

"व्हय काय," म्हणाले, आणि फोन ठेवला.

टॅग बरोबर चालतोय म्हणजे आकडा खरा आहे. त्याहून जास्त काही नाही.