अण्णांची पारोशी जीभ

मध्यंतरी एका रविवारी सकाळी, मुकुंदवाडीच्या आमच्या घरी, शेजारच्या शबानानं माझी आणि अण्णांची जीभ बुक केली...

अण्णा म्हणजे माझे वडील, मूळचे लासूर स्टेशनचे. शबाना मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करतेय. जिभेवरचे बॅक्टेरिया आठवड्यागणिक कसे बदलतात, हा तिचा प्रोजेक्ट. दर रविवारी ब्रशच्या आधी ती कापसाची काडी आमच्या जिभेवरून फिरवून न्यायची.

मला भलतीच उत्सुकता. प्रयोगशाळेतल्या बशीत ते बॅक्टेरिया ठिपक्यांसारखे वाढायचे, त्यांचे फोटो ती दाखवायची. मधे घशासाठी अँटिबायोटिक घेतलं, तर माझी बशी जवळपास रिकामी... मग हळूहळू ठिपके परत आले. आपल्याच तोंडात एवढी उलथापालथ, आणि आपल्याला पत्ता नाही!

अण्णांची बशी मात्र पहिल्यापासून ओसाड. औषध नाही, काही नाही.

मागच्या आठवड्यात शबाना चेहरा पाडून आली. "अण्णा, सर म्हणतात, तुला सॅम्पलच नीट घेता येत नाही. प्रोजेक्ट बदल म्हणतात."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "पोरीची चूक नाय. ती यायच्या आधी मी जिभलीनं जीभ खरवडून, मिठाच्या पाण्यानं चुळा भरून बसायचो."

"या अल्लाह! अण्णा, कशाला पण?"

"मंग? पारोश्या तोंडानं लेकीबाळीपुढं जीभ काढू व्हय?"

शबानानं कपाळाला हात लावला... आणि मग हसतच सुटली. सरांना सगळं सांगून तिनं अण्णांचे सॅम्पल पहिल्यापासून घ्यायची परवानगी मिळवली. प्रश्न अण्णांचा होता. उभ्या आयुष्यात चूळ भरल्याशिवाय ते कुणाशी बोललेलेही नाहीत.

या रविवारी ते खुर्चीत तोंड मिटून बसले होते. शबाना आली, तसे डोळे गच्च मिटले आणि जीभ बाहेर काढली. पोरीपेक्षा तेच जास्त लाजत होते!

काल फोटो आला. बशी ठिपक्यांनी गच्च. अण्णा चष्मा पुसून कितीतरी वेळ बघत राहिले.

"रोज खरवडतो, तरी एवढे लोक?"

"घरच त्यांचं आहे, अण्णा," मी म्हटलं. "परत येणारच."

"लई चिवट हायेत की..." अण्णांच्या आवाजात चक्क कौतुक होतं. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी बघू, कोण राहिलं नि कोण नवं आलं."

या वयात स्वतःबद्दल काही नवं कळायची अशी ओढ लागावी... शबाना, त्याबद्दल तुझे आभार!