बाबांच्या प्रोसेसरसाठी

पक्षाघातानंतर बाबांची वाचा गेली, अंगही गेलं. उरला डावा अंगठा. देवासच्या घरी मी त्यांच्या जुन्या कंप्यूटरला एक मोठं बटण जोडून दिलं होतं. पडद्यावर अक्षरं एकेक करून उजळायची, हवं ते आलं की बाबा दाबायचे. पण मशीन इतकं मंद, की दाबेपर्यंत भलतंच अक्षर उमटायचं. 'पाणी' लिहिता लिहिता दमून ते डोळे मिटून घ्यायचे.

नवं मशीन आणता आलं असतं. पण मी पडले कंप्यूटरवाली, दीडशहाणी! तयार मिळणारी सिस्टिम कुठल्याही प्रोसेसरवर चालावी अशी बेताची असते. बाबांच्याच प्रोसेसरसाठी ती मुळापासून कंपाइल केली, म्हणजे तिच्या मूळ कोडपासून नव्यानं बांधली, तर हेच मशीन पळेल, असं मी ठरवलं. दोन दिवस लावून माझ्या लॅपटॉपवर सगळं कंपाइल केलं, शनिवारी त्यांची डिस्क पुसून नवी सिस्टिम चढवली. काळा पडदा. प्रोसेसरचं नाव द्यायच्या जागी मी सवयीनं 'नेटिव्ह' लिहिलं होतं. नेटिव्ह म्हणजे ज्यावर कंपाइल चाललंय तोच. अख्खी सिस्टिम मी माझ्या लॅपटॉपच्या मापाची शिवून बसले होते. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. या वेळी नीट नाव घालून पुन्हा पहिल्यापासून लावलं. सोमवार दुपारपर्यंत होईल, असा अंदाज होता.

रविवारी धारहून आत्या आली, बाबांची थोरली बहीण, त्यांची अक्का. माझ्या आईच्या तेराव्याला ती आली नव्हती, तेव्हापासून दोघांत अबोला होता.

"माझं चुकलं रे," ती त्यांच्या उशाशी बसून म्हणाली. "अजून रागच आहे का? काहीतरी बोल ना."

बाबांचा अंगठा चादरीवर दाबला जात होता, पुन्हा पुन्हा. ते माझ्याकडे बघत होते.

"आत्या, आत्ता मशीन बंद आहे," मी लॅपटॉपवरून डोळे न काढता म्हटलं. "उद्या बाबा लिहितील ना, मी फोनवर वाचून दाखवते."

ती थोडा वेळ बसली. मग इंदूरहून पुढची बस चुकेल म्हणून उठली.

सोमवारी सकाळी आत्तेभावाचा फोन आला. "दीदी, आई नहीं रही." आत्या झोपेतच गेली होती.

मला रडू आलं नाही. आत काही हललंच नाही. बाबांना सांगितलं, त्यांचं तोंड पुसलं आणि कंपाइल किती उरलंय ते बघायला बसले. तेव्हा कुठे सुचलं, की ते बटण काढून काल लॅपटॉपलाच लावता आलं असतं. पाच मिनिटांचं काम. कंपाइल थोडं लांबलं असतं, एवढंच.

दुपारी मशीन सुरू झालं. काय वेग होता! बाबांनी एकही अक्षर न चुकता लिहिलं, "अक्काला म्हण जेवून जा."

सकाळी सांगितलेलं त्यांना कळलं नव्हतं, की कालचं राहिलेलं आज लिहीत होते, ते माझ्याच्यानं विचारवलं नाही.

"हो बाबा," मी म्हटलं.