गेटवरचं आमेन

परवा शेजारच्या पोराच्या कामाच्या डांगरीला मशीनवरच्या कूलंटचा वास आला आणि पिंपरीत आमच्या कंपनीच्या गेटवर झालेली युनियनची ती मीटिंग आठवली. चर्चच्या तरुण संघात आम्हाला घडवणारे दादा आमच्याच कंपनीत वेल्डर होते. पहिली शिफ्ट सुटताच त्यांनी माईक माझ्या हातात दिला. "चर्चमध्ये प्रार्थना करतेस ना? मग इथं बायकांसाठी पाळणाघर माग!" मी बोलत सुटले आणि शेवटी सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आमेन!" सगळं गेट गप्प! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात रोज 'जयभीम' करणारे एक काका मूठ उंचावून ओरडले, "आमेन!" आणि मग अख्खं गेट तेच गर्जलं. पाळणाघर मिळालं. आता संघातल्या मुलींच्या हाती माईक देताना मी सांगते, "शेवट चुकला तरी चालेल गं, लोक सावरून घेतात."